सात बाय एकचा रविवार

वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, मी बिबवेवाडीहून येरवड्याला जातो आणि वाटीभर उकडलेले हरभरे खाऊन परत येतो. बायको याला भक्ती म्हणते. मी तिचा गैरसमज दूर करत नाही. वीस-बावीस वर्षांच्या संसारात तिचा माझ्याबद्दलचा एवढा एकच चांगला गैरसमज टिकलाय, तो कशाला मोडा.

गेल्या ऑक्टोबरातही गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून पार लांब लावून चालत आलो. दिवेलागणीची वेळ. दिवसभर पत्र्यांवर बसलेलं ऊन नुकतंच उठून गेलेलं, भिंती अजून गरम. आणि वळणावरच वास आला. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या वातीचा, शेवंतीचा, आणि त्या दोघांच्या खालून हळूच येणारा हरभऱ्याच्या पाण्याचा. हे तिन्ही वास सुटेसुटे मला पुण्यात कुठेही भेटतात. एकत्र फक्त इथेच भेटतात, आणि भेटले की माझं वय बाविसावर येऊन थांबतं. त्या वर्षी याच गल्लीत मी एक चूक केली होती. चुका मी आधीही केल्या होत्या, नंतर तर रीतसर पगार घेऊन केल्या. पण इतकी फळलेली चूक पुन्हा माझ्या हातून झाली नाही.

आमची गल्ली म्हणजे प्रवरेकाठच्या दोन-तीन गावांतून कामाच्या शोधात पुण्याला आलेल्या कॅथलिक कुटुंबांची. सलग नव्हे. मध्ये बौद्धांची घरं, दोन-चार मराठ्यांची, कोपऱ्यावर एक तेलुगू इस्त्रीवाला. ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. महिनाभर मारियामायची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. संध्याकाळी त्या घरात गल्ली जमते, पन्नास वेळा ‘नमो मारिये’ होतं, गाणी होतात, मग हरभरे. दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन तिला पुढच्या घरी पोचवायचं.

ही रीत गावाकडची. गावी ती बाजरीच्या खळ्यानंतर निघायची. लहानपणी सुट्टीत मी पाहिलंय. मूर्ती पाटीत, पाटी बाईच्या डोक्यावर, मूर्तीभोवती बाजरीची कणसं खोचलेली, पुढे हलगी. पायाखाली नुकती कापलेली ताटं, त्यांचा ओलसर गोड वास, आणि बायांच्या आवाजात धूळ बसल्यासारखी गाणी. ज्या घरी जायचं त्या घरची बाई उंबऱ्यात तांब्याभर पाणी ओतायची. आणणारी म्हणायची, “आमची पाहुणी तुमच्याकडे.” घेणारी म्हणायची, “आमचीच आहे, येऊ द्या.” एवढंच. पाहुणी घरात असेपर्यंत दाराला कडी लावायची नाही. आणि पाणी ओतल्यावर पाहुणीला उंबऱ्यावरून परत फिरवायचं नाही.

पुण्यात येताना हलगी वाटेत गळाली, बाजरीच्या कणसांच्या जागी शेवंतीचा हार आला, पाटीच्या जागी काचेची पेटी. पण पाणी, कडी आणि ती दोन वाक्यं तशीच राहिली. आमची मूर्ती वीतभर उंचीची, प्लास्टरची. एकदा तिच्या झग्याचा रंग उडाला तेव्हा गल्लीतल्या एका रंगाऱ्याने दारांना मारून उरलेला ऑइलपेंट तिला मारला. त्यामुळे मारियामायचा झगा आणि आमच्या संडासाचं दार यांचा निळा एकच होता. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आई म्हणायची, “घरचीच वाटते.”

लहानपणी जपमाळेच्या वेळी माझं काम म्हणजे मेणबत्तीचं वितळलेलं मेण तळहातावर घेऊन त्याच्या गोळ्या करणं. दहा वर्षांचा झालो तेव्हा मला पहिल्यांदा एक दशक म्हणायला दिलं. दशक म्हणजे दहा ‘नमो मारिये’. माळ हरवलेली होती, पण ते कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून बोटांवर मोजत होतो. मध्ये नाकावर माशी बसली. माशी उठली तेव्हा मोजणी कुठवर आली होती ते मला कळेना. मी आपला म्हणत राहिलो. शेवटी मागून एका म्हातारीचा आवाज आला, “चौदा झाले रे. चार पुढच्या वर्षात धर.”

या सगळ्याचा कारभार पाटोळे मास्तर बघायचे. ते वडिलांच्या गावचे, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, बारीक, पांढरा सदरा, खिशाला पेन. कुठल्या दिवशी माय कुणाकडे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते घरोघरी जायचे, प्रत्येक घरी अर्धा कप चहा घ्यायचे आणि इकडचं तिकडचं बोलायचे. सून बाळंतीण आहे का, कुणाची पाळी रात्रीची लागलीय, या वर्षी कुणाच्या घरातलं माणूस गेलं. उठताना सहज म्हणायचे, “तुमच्याकडे अकराला येईल ती.” झालं.

आता मी बाविसावर येतो.

ते दिवस असे होते की पुण्यात दर दुसऱ्या जिन्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. कल्याणीनगरकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्या गल्लीतली मुलं गळ्यात ओळखपत्र घालून त्यांच्यात शिरत होती. मीही शिरलो. परदेशातल्या कुठल्याशा दवाखान्यांचे कागद आम्ही इथे बसून टाइप करायचो. माझ्या त्या ओळखपत्राचा मला इतका अभिमान होता की मी ते रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही घालून जायचो. फादर एकदा म्हणाले, “इथे नाव विचारत नाहीत, आत येऊ देतात.”

अशा माणसाला मास्तरांचा अर्धा-अर्धा कप चहा सहन होणं शक्यच नव्हतं. एकतीस घरं, एकतीस चहा, आठ दिवस. मी मास्तरांना म्हणालो, “मास्तर, हे सगळं एका पानावर येतं. कॉम्प्युटर क्रमाने लावून देतो.”

“लावू दे,” मास्तर म्हणाले. “माझी ॲसिडिटी कमी होईल.”

मी एका रविवारी गल्लीतून वही घेऊन फिरलो, प्रत्येक कॅथलिक घराचा नंबर टिपला, आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळं तक्त्याच्या प्रोग्रामात घातलं. मराठी अक्षरांची फ्लॉपी साहेबांच्या कपाटात असायची, म्हणून नावं गाळली. तारीख आणि घर नंबर, बस. मला ते फारच व्यावसायिक वाटलं. छापताना एका ओळीवर नजर गेली. घर नंबरच्या रकान्यात ‘7-Jan’ असं आलं होतं. सात जानेवारी. ऑक्टोबरच्या यादीत जानेवारी कुठून आला, म्हणून मी हसलो, आपलीच बोटं घसरली असतील असं समजून जानेवारी खोडला आणि सात ठेवला.

मी टाइप केलं होतं 7/1. सात बाय एक. त्या शहाण्या यंत्राने ती तारीख समजून घेतली होती. आणि मी, त्याच्याहून शहाणा, अर्धी तारीख पुसून मोकळा झालो होतो.

सात बाय एक म्हणजे फिलूमावशीची खोली. फिलोमिना हे तिचं नाव, गल्लीने त्याची फिलू केली होती. सात नंबरच्या बाजूने एक बोळ आत जायचा, दहा पावलांवर तिचं दार. आणि सात नंबर म्हणजे कांबळे. कांबळेकाका पोस्टमन, बायको सुशीलाकाकू, दोन मुली. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि आमच्या जपमाळेशी त्यांचा संबंध एवढाच की बारा-पंधरा वर्षं ती त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायची.

त्या वर्षी फिलूमावशीला आपला दिवस हवा होता, आणि तो हुकून चालणार नव्हता. आदल्या ऑक्टोबरात तिचे यजमान अंतोनकाका ससूनला ॲडमिट होते, घर बंद, माय आली नव्हती. हिवाळ्यात काका गेले. आता नाशिकची लेक, मंजू, तिला कायमची घेऊन जाणार होती. खोली सोडायची होती. मंजू टेम्पो घेऊन यायची होती ती सात तारखेला, रविवारी. नळावर मावशीने मला गाठलं.

“माझा दिवस कधी रे घातलास?”

“पाच तारीख, मावशी. शुक्रवार.”

“नक्की ना? त्या घरातून एकदा तिचा पाय निघाला की मी निघायला मोकळी.”

“कॉम्प्युटरने काढलंय मावशी,” मी म्हणालो.

ती समाधानाने घागर उचलून गेली. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. नळाच्या भिंतीवर मी डकवलेल्या पानाकडे तिने पाहिलंही नाही. ते पान पाहिलं सुशीलाकाकूंनी.

शुक्रवारी संध्याकाळी पाच नंबरच्या साळव्यांकडून माय निघाली. तक्ता माझा म्हणून पेटी धरायचा मान मला. पुढे मी, मागे मेणबत्त्या, बाया, पोरं, गाणं. सगळ्यांच्या हातात किंवा डोक्यात माझं पान होतं, म्हणून सगळे सात नंबरशी थांबले. आणि गाणं एकेका आवाजाने बंद पडत गेलं.

सुशीलाकाकू उंबऱ्यात उभ्या होत्या. नवी साडी, दारापुढे पांढऱ्या फुलांची साधी रांगोळी, दोन्ही मुली तेल लावून विंचरलेल्या. आतून तुपाचा वास येत होता. हातात तांब्या. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी पाणी ओतलं आणि, त्यांना कुणी शिकवलं देव जाणे, म्हणाल्या, “आमचीच आहे, येऊ द्या.”

मी बोळाकडे पाहिलं. दहा पावलांवर फिलूमावशी उभी होती. तिच्याही हातात तांब्या. भरलेला.

पेटी किती जड असते ते मला तेव्हा कळलं. मास्तर माझ्या कानाशी आले. “काय झालं?”

“मास्तर, ते सात बाय एक होतं.”

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “बाय एक कुठे गेलं?”

“मी खोडलं.”

कांबळेकाका मागे दारात उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. शांतपणे म्हणाले, “सात आणि सात बाय एक यातला फरक मला विचारायचास रे. बावीस वर्षं या गल्लीत पत्रं टाकतोय.”

“तुम्ही पण विचारायचंत ना काका,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो. “पान बघितल्यावर.”

काकांनी बायकोकडे पाहिलं. सुशीलाकाकू रिकाम्या तांब्याकडे बघत म्हणाल्या, “मी नको म्हटलं विचारायला. विचारलं असतं आणि चूक निघाली असती, तर?”

गल्लीसमोरच्या येरवडा तुरुंगात सातचा टोल पडला, तो सगळ्यांनी नीट ऐकून घेतला. पाणी ओतलेलं होतं, आता परत फिरणं नव्हतं. मास्तरांनी बोळाकडे मान वळवली. ती एक नजर म्हणजे सबंध प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर फक्त एका बाईकडे होतं.

फिलूमावशीने तांब्या आपल्या उंबऱ्यात ठेवला. पदर खोचला. बोळातून चालत आली आणि सुशीलाकाकूंना म्हणाली, “तुझ्याकडे एवढ्या लोकांना चटया पुरायच्या नाहीत. माझ्या आणते.”

आणि आणल्याही. बांधाबांध झालेल्या सामानातून सुतळी सोडून काढल्या.

त्या संध्याकाळची जपमाळ मला आजही ऐकू येते. बुद्धाच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर आमची निळी माय, दोघांपुढे एकच समई. सुशीलाकाकूंनी मास्तरांना आधीच सांगून टाकलं, “आमच्याकडे मागणं मागायची पद्धत नाही. पण तुम्ही म्हणा. आम्ही ऐकू.” पन्नासच्या पन्नास त्या ऐकत बसल्या, मांडीवर हात ठेवून. आणि शेवटच्या गाण्यात, जे त्या बारा वर्षं भिंतीआडून ऐकत आल्या होत्या, तिसरं कडवं आम्ही सगळे चुकलो आणि त्यांच्या धाकट्या मुलीने बरोबर म्हटलं. हरभऱ्यांऐवजी खीर होती. माझ्या वाटीत बेदाणे जास्त आले. ते माफीपोटी होते की टोमण्यापोटी, हे मला ठरवता आलं नाही. खाल्ले.

शनिवारी तक्त्याप्रमाणे माय नऊ नंबरला, शिंदेकाकूंकडे जायची. संध्याकाळी आम्ही कांबळ्यांच्या दाराशी जमलो. दरम्यान सुशीलाकाकूंना सगळं कळलं होतं, शुक्रवारी बोळात तांब्या घेऊन कोण आणि का उभं होतं ते. मी पेटी घ्यायला पुढे झालो तर त्यांनी दिली नाही.

“तुमच्यात पाठवणी घरच्या बाईने करायची असते ना?”

“हो, पण…”

“मग मी करते.” पेटी घेऊन त्या निघाल्या आणि रस्त्याने पुढे न जाता सरळ बोळात वळल्या.

“अहो, यादीत नऊ आहे,” शिंदेकाकू मागून म्हणाल्या. “माझे हरभरे भिजलेत.”

“उद्यापर्यंत मोड येतील,” सुशीलाकाकू मागे न बघता म्हणाल्या. “मोडाचे पचायला हलके.”

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं, माझं पान उघडलं आणि सहा तारखेपासून खाली एकेक दिवस पुढे ढकलायला सुरुवात केली. चालता चालता, भिंतीवर पान टेकवून. एकतीस ओळींचं व्यावसायिक काम. शेवटची ओळ आमच्या घराची होती. ती नोव्हेंबरात गेली.

फिलूमावशीच्या घरात बसायला काही उरलं नव्हतं. भांडी पोत्यात, गाद्यांच्या वळकट्या, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. टेबल मंजूच्या घरी जायचं म्हणून उलटं करून बांधलेलं. माय ठेवायची कुठे? शेवटी तिला दारालगतच्या लोखंडी ट्रंकेवर बसवलं. दोन्हीकडे गाठोडी, मध्ये निळा झगा. ती आपली एसटीची वाट बघत बसल्यासारखी दिसत होती. मावशीने तांब्याभर पाणी उंबऱ्यात ओतलं, ते वाहत बोळातून कांबळ्यांच्या पायरीपर्यंत गेलं. मावशी त्या पाण्याकडे बघत राहिली. मग आत येऊन ट्रंकेशेजारी बसली आणि पाचही दशकं एकटीने म्हटली. कुणाला मध्ये येऊ दिलं नाही.

एक भानगड मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. रविवारी सकाळी दहाला टेम्पो. माय निघणार संध्याकाळी. मधल्या आठ-नऊ तासांत घरात पाहुणी आणि घरचं कुणी नाही. मंजू टेम्पोवाल्याला थांबवून म्हणाली, “आई, मूर्ती मास्तरांकडे देऊन जाऊ. ट्रंक तर घ्यायला हवी ना.”

“ट्रंक राहू दे. पुढच्या खेपेला ने,” मावशी म्हणाली. “ती बसलीय त्यावर.” मग तिने मला हाक मारली. मी टेम्पोत वळकट्या चढवत होतो, प्रायश्चित्ताच्या हिशेबाने जरा जास्तच.

“चूक कुणाची?”

“माझी, मावशी.”

“मग बस इथे. आजचा दिवस घर तुझं. तिला एकटी सोडायची नाही, दार लोटायचं नाही, झोपायचं नाही. संध्याकाळी नीट पाठवणी कर आणि मला फोन कर.”

आणि मग तिने मायच्या पेटीच्या काचेवरून हात फिरवला, तोच हात स्वतःच्या तोंडावरून फिरवला, आणि मागे न बघता टेम्पोत बसली. गल्ली रडत होती. ती नाही.

रिकाम्या घराला एक वास असतो. फळीच्या मागे सांडून राहिलेल्या हळदीचा, डांबरगोळीचा, रॉकेलचा, आणि चुन्याच्या भिंतीला माणसं टेकून टेकून जो तेलकट डाग पडतो त्याचा. मी त्या डागाला टेकून बसलो. समोर ट्रंकेवर माय. बारावी नापास झाल्यावर निकालाच्या दिवशी वडिलांसमोर बसलो होतो, त्यानंतर इतका वेळ कुणासमोर गप्प बसलो नव्हतो.

गल्लीने मला एकटं सोडलं नाही. उघडं दार म्हटल्यावर जो जाईल तो डोकावणारच. साळवेकाका म्हणाले, “काय घरमालक, भाड्याने द्यायचीय का खोली?” कांबळेकाकांनी रविवार असूनही दाराशी येऊन विचारलं, “सात बाय एक हेच का? एक पत्र होतं.” सुशीलाकाकूंनी खिडकीतून चहा दिला. शिंदेकाकू आल्या, हरभऱ्यांना खरंच मोड आल्याचं सांगितलं, मग टेकल्या आणि सुनेला दिवस गेल्याचंही सांगितलं. ते त्यांनी अजून मास्तरांनाही सांगितलं नव्हतं. दुपारी आई डबा घेऊन आली. भाकरी, वांग्याचं भरीत. मी खाली मान घालून म्हणालो, “आई, आपला दिवस एक नोव्हेंबर झालाय. माझ्यामुळे.”

“मग काय झालं,” आई म्हणाली. “तेवढाच मला भिंती सारवायला वेळ. कांदा घे.”

भरीत, कांदा, ऑक्टोबरची दुपार, भिंतीचा तो गार तेलकट डाग. पुढचं मी लपवू शकलो असतो. बायको हे वाचेल अशी भीती असती तर लपवलंही असतं. मी झोपलो. साधी डुलकी नव्हे. तोंड उघडं टाकून, घोरत, पाहुणीच्या समोर, बाविसाव्या वर्षाची सबंध झोप.

जाग आली ती आवाजाने नाही, आवाज कमी असल्याने. काहीतरी चाललेलं होतं पण दबक्या सुरात. डोळे उघडले तर खोली भरलेली. मेणबत्त्या लागलेल्या. सगळी गल्ली मांडी घालून बसलेली आणि नऊ नंबरला व्हायची ती जपमाळ इथेच चाललेली, कुजबुजीत, तान्ह्या पोराला उठवू नये म्हणून बोलतात तशी. चौथं दशक संपत आलं होतं. माझ्या पायावर कुणीतरी चटई पांघरली होती. मास्तर म्हणत होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया उचलल्या आणि म्हणणं न थांबवता पाचव्या दशकाकडे मला बोटाने खुणावलं. म्हणजे ते मी म्हणायचं होतं. घर माझं होतं.

मी म्हटलं. मोजून दहा.

मग हरभऱ्यांची वेळ आली आणि लक्षात आलं की या घरात ना शेगडी, ना पातेलं. यजमान पुन्हा उघडा पडला. पण शिंदेकाकूंनी आपलं पातेलंच सोबत आणलं होतं. म्हणाल्या, “तुझ्या भरवशावर कोण बसतंय?” मोडाचे हरभरे, वर खोबरं. ते मी वाटले, हाताने, ओंजळी-ओंजळीने, आणि शेवटच्या ओंजळीत माझ्यासाठी बारा-पंधरा दाणे उरले. त्यांची चव सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. दर ऑक्टोबरात जाऊन मी तीच शोधतो आणि ती जवळजवळ सापडते.

नऊ नंबरच्या उंबऱ्यात पाणी ओतलं गेलं. मी म्हणालो, “आमची पाहुणी तुमच्याकडे.” आवाज जरा घोगरा आला. झोपेने असेल.

आता सात बाय एक राहिलं नाही. कांबळ्यांनी ती खोली घेऊन मधली भिंत पाडली, मुलीच्या लग्नानंतर. त्यांचं घर मात्र यादीतून कधीच निघालं नाही. मागून गल्लीत एक नवं कुटुंबही आलं, त्यामुळे एकतीस दिवस आणि बत्तीस घरं. दरवर्षी एका घराला नोव्हेंबर घ्यावा लागतो, आणि गेल्या काही वर्षांपासून त्या नोव्हेंबरासाठी भांडणं होतात, कारण एक नोव्हेंबरला सुट्टी काढून सगळेच येतात. मास्तर गेले. यादी आता फोनवर येते, नावांसकट. मला ती करायला कुणी सांगत नाही.

पण त्या रविवारी पाठवणी करून मी खोलीला कडी लावली आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. बूथमध्ये गरम होत होतं, काचेवर कुणीतरी नखाने बदाम कोरला होता. नाशिकचा नंबर लावला. मंजूने फोन आईला दिला.

“पोचवलीस तिला?”

“हो मावशी. नऊ नंबरला. नीट.”

“दार उघडं होतं?”

“पूर्ण वेळ.”

मग म्हणाली, “झोपला नव्हतास ना?”

आता, आम्हा लोकांत खोटं बोललं की ते फादरना जाऊन सांगायचं असतं. ही गोष्ट मी आजवर एकाही फादरना सांगितलेली नाही.

“नाही मावशी,” मी म्हणालो.

“बरं,” मावशी म्हणाली. मग तिच्या आवाजात हसू आल्यासारखं वाटलं, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. “आमचे हे दरवर्षी झोपायचे. तिथेच, त्याच भिंतीला टेकून. आम्ही मग हळू म्हणायचो.”